क्रोन्समधले अरुंद आतडे आणि टीबीच्या गोळ्यांचे सहा महिने

ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्याच्या सीटी स्कॅनवर लहान आतड्याच्या शेवटी स्ट्रिक्चर, म्हणजे आवळून अरुंद झालेली जागा दिसली, की ‘औषध, फुगा की ऑपरेशन’ हा प्रश्न लगेच येत नाही. त्याआधी ‘टीबी की क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणारा आजार)’ हे ठरवावे लागते आणि त्यात बऱ्याचदा अर्धे वर्ष जाते. या तीन पर्यायांपैकी कोणता हाती राहील, हे या अर्ध्या वर्षावर बरेच अवलंबून असते.

आतड्याच्या या भागातला टीबी आणि क्रोन्स यांची सरमिसळ सुरुवातीपासूनची आहे. 1932 साली न्यूयॉर्कमधल्या तीन डॉक्टरांनी 14 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाही हा टीबी नव्हे, हे त्यांना मुद्दाम दाखवून द्यावे लागले. आपल्याकडे मात्र पुढची कित्येक दशके क्रोन्स हा परदेशातला आजार मानला गेला आणि अपेंडिक्सच्या आसपासचे आतडे अरुंद दिसले की निदान टीबीचेच होई. टीबीचे प्रमाण पाहता त्यात तथ्यही होते. क्रोन्सचे निदान वाढले ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी) सर्रास होऊ लागल्यावर.

ऑपरेशनच्या इतिहासातला एक दुवा भारतातला आहे. टीबीने आतडे पाच-सहा ठिकाणी आवळले असेल, तर प्रत्येक तुकडा कापत गेल्यावर पचनापुरते आतडेच उरत नाही. त्यावर चंदीगडच्या सर्जननी 1977 मध्ये उपाय मांडला: आवळलेल्या जागी आतडे लांबीत उघडायचे आणि आडवे शिवायचे. तुकडा काढावा लागत नाही आणि वाट रुंद होते. ही स्ट्रिक्चरप्लास्टी 1982 मध्ये ऑक्सफर्डच्या सर्जननी क्रोन्ससाठी वापरली. आज 10 सेंटीमीटरपर्यंतच्या स्ट्रिक्चरला हीच साधी पद्धत चालते, त्याहून लांब असेल तर टाक्यांची रचना बदलते. दुसरा बदल 1996 चा. तोवर आजारी भागाच्या दोन्ही बाजूंचे बरेच निरोगी आतडे काढण्याची रीत होती. आजारी भागापलीकडचे 2 सेंटीमीटर आणि 12 सेंटीमीटर निरोगी आतडे काढून तुलना केली, तेव्हा जास्त कापल्याने आजार परत येणे कमी होत नाही, हे दिसले. ‘ऑपरेशन म्हणजे अर्धे आतडे गेले’ ही भीती त्यापूर्वीच्या काळातली आहे, आजही घराघरांत ती तशीच आहे.

आता मूळ वादाकडे. बायोप्सीत टीबीचे जंतू सापडले किंवा मध्यभागी कुजलेला ग्रॅन्युलोमा (पेशींची सूक्ष्म गाठ) दिसला, तर प्रश्न मिटतो. पण आतड्यात जंतू संख्येने कमी असतात, त्यामुळे कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि जीनएक्सपर्ट (जंतूंचा जनुकीय माग घेणारी चाचणी) अनेकदा निगेटिव्ह येतात. टीबीसाठीची मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी पॉझिटिव्ह आल्याने आपल्याकडे काहीच सिद्ध होत नाही, कारण शरीरात सुप्त टीबी असलेले लोक भरपूर आहेत. सीटीवर मध्यभागी काळ्या दिसणाऱ्या लिम्फच्या गाठी, पोटात पाणी, छातीच्या एक्स-रेवर डाग असतील तर कौल टीबीकडे जातो. आतडे लांबवर आणि मध्ये जागा सोडून सुजलेले असेल, गुदद्वाराजवळ फिस्टुला (आतून तयार झालेली भलतीच वाट) असेल, तर क्रोन्सकडे. तरीही बरेच रुग्ण अधांतरीच राहतात. त्यांना टीबीची औषधे देऊन पाहायचे, अशी पद्धत रूढ झाली. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. 2017 पासून सरकारी कार्यक्रमात ती रोज घ्यायची असतात आणि पालिकेच्या केंद्रावर मोफत मिळतात.

आमच्या मते या पद्धतीत गैर काही नाही. गैर आहे ते उत्तर कशावरून वाचायचे यात. वजन वाढले, ताप गेला, भूक लागली, म्हणून ‘टीबीच होता’ असे ठरवले जाते. क्रोन्सच्या रुग्णालाही या गोळ्यांवर काही काळ बरे वाटते, त्यामुळे लक्षणांवर विसंबून चालत नाही. खरी कसोटी म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पुन्हा केलेली कोलोनोस्कोपी. टीबी असेल तर तोवर जखमा भरलेल्या किंवा भरत आलेल्या दिसतात. त्या तशाच असतील, सूज दाखवणारे रक्तातले सीआरपी आणि शौचातले कॅलप्रोटेक्टिनही खाली आले नसेल, तर औषधाला दाद न देणारा टीबी आहे का ते तपासून क्रोन्सच्या उपचाराकडे वळायला हवे. ही दुसरी कोलोनोस्कोपीच बहुधा टळते. खर्च असतो, जुलाबाचे औषध पिण्याचा त्रास असतो, महापे-रबाळ्याच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्याला रजा मिळत नाही. मग सहाचे नऊ महिने होतात.

स्ट्रिक्चर असलेल्याला हा उशीर अधिक महागात पडतो. पहिले कारण असे, की टीबी बरा झाला तरी आवळलेली जागा पुष्कळदा आवळलेलीच राहते. म्हणून ‘गोळ्या संपल्या तरी स्कॅनवर स्ट्रिक्चर आहे, आणखी तीन महिने घ्या’ याला आधार नाही. दुसरे, क्रोन्समध्ये सूज जितकी जुनी तितका भिंतीत चट्टा (जखमेचा कडक व्रण) वाढतो, आणि चट्टा औषधाने विरघळत नाही. क्रोन्स असूनही आधी टीबीचा कोर्स झालेल्यांमध्ये पुढे स्ट्रिक्चर अधिक आढळल्याचे भारतातल्याच अभ्यासात दिसले आहे. तिसरी गोष्ट व्यवहारातली: टीबीच्या गोळ्यांपैकी रिफाम्पिसिन हे क्रोन्सची सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा अंमल कमी करते. दोन्ही एकदम चालू असतील आणि स्टिरॉइडचा गुण येत नसेल, तर त्यावरून आजार हट्टी ठरवू नये. कावीळ हा या गोळ्यांचा नेहमीचा धोका असल्याने लिव्हरची तपासणी कोर्स चालू असतानाच करावी, उलट्या सुरू होण्याची वाट पाहू नये.

क्रोन्स ठरल्यावरच्या औषधांचा इतिहास 1998 पासून धरावा, त्या वर्षी अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या सूज रोखणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. या औषधाने सुप्त टीबी उसळतो, हे 2001 पर्यंत स्पष्ट झाले. म्हणून आपल्याकडे ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा इग्रा होतेच. सुप्त टीबी निघाला तर आधी त्याचे प्रतिबंधक औषध सुरू होते आणि सहसा महिन्याभराने इंजेक्शन. 2014 च्या अखेरीस अडालिमुमॅब या त्याच प्रकारच्या इंजेक्शनची भारतीय आवृत्ती बाजारात आली आणि पर्याय अधिक घरांच्या आवाक्यात आला. जखम फार लवकर भरून स्ट्रिक्चर वाढेल, ही सुरुवातीची भीती पुढच्या नोंदींत टिकली नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात लहान आतड्याच्या, लक्षणे असलेल्या स्ट्रिक्चरवर अडालिमुमॅब दिले. सहा महिन्यांनी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना गुण होता आणि चार वर्षांनंतर जवळपास निम्मे ऑपरेशनवाचून होते. स्ट्रिक्चर म्हणजे थेट ऑपरेशन, हे समीकरण त्यामुळे सैल झाले. एमआर एंटरोग्राफीत (आतड्याचा एमआरआय) सूज ठळक, अडथळा अलीकडचा, स्ट्रिक्चरच्या मागचे आतडे फार फुगलेले नाही, अशा वेळी आधी इंजेक्शन देऊन पाहणे योग्य. मात्र सूज आणि चट्टा बहुधा एकाच जागी असतात आणि कोणताही स्कॅन त्यांची नेमकी वाटणी करून देत नाही.

दुर्बिणीतून फुगा नेऊन स्ट्रिक्चर रुंद करणे सगळ्यांना जमत नाही. स्ट्रिक्चर 5 सेंटीमीटरच्या आत, फार वाकडे नसलेले, दुर्बीण पोचेल तिथले हवे आणि जवळ फिस्टुला किंवा पू नको. फुगा टप्प्याटप्प्याने, साधारण 15 ते 18 मिलिमीटरपर्यंत फुगवतात. आतडे फाटण्याचा किंवा मोठ्या रक्तस्रावाचा धोका शंभरात दोन-तीन, म्हणून पाठीशी सर्जन असेल अशाच ठिकाणी करावे. दोन वर्षांत बहुतेकांना पुन्हा फुगवावे लागते. जुने ऑपरेशन झालेल्या जोडावरच्या आखूड स्ट्रिक्चरला हा उपाय विशेष लागू पडतो.

ऑपरेशनबद्दल एका अभ्यासाचा हवाला नेहमी दिला जातो: 2017 चा, इन्फ्लिक्सिमॅब आणि लॅप्रोस्कोपीने (पोटाला छोटी छिद्रे पाडून) आतड्याचा तुकडा काढणे यांची तुलना करणारा, ज्यात दोन्ही सारखेच ठरले. त्यात अडथळा आणणारे स्ट्रिक्चर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, हे सांगायचे राहून जाते. मागचे आतडे 3 सेंटीमीटरहून जास्त फुगलेले, वारंवार अ‍ॅडमिट होणे, बाजूला फिस्टुला, असे चित्र असेल तर नियोजित ऑपरेशन लांबवण्यात शहाणपण नाही. रात्री अपरात्री पोट फुगून घोडबंदर रोडवरून रुग्णालय गाठल्यावर होणाऱ्या ऑपरेशनमध्ये पोटावर शौचाची पिशवी येण्याची शक्यता वाढते. नियोजित असेल तर आधी वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) सुधारता येते, स्टिरॉइड उतरवता येते, सिगारेट बंद करता येते.

तोवर घरी काय सांभाळायचे? अडथळ्याची कळ जेवणानंतर तास-दोन तासांनी बेंबीभोवती येते, पोट गुडगुडते, उलटी झाली की उतरते. अशा दिवसांत दोष तिखटापेक्षा चोथ्याचा जास्त. शेवग्याच्या शेंगा, फणस, मक्याचे कणीस, सालीसकट शेंगदाणे, पेरूच्या बिया, संत्र्याच्या फोडींची साल, पावसाळ्यात ठाण्याच्या बाजारात येणाऱ्या टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या बाजूला ठेवाव्यात. मऊ भात, मुगाचे वरण, बिया काढलेला दुधी, अंडे, तांदळाची भाकरी, काटे काढलेले मासे चालतात. दुखण्यावर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, आजार उसळतो. पोट साफ होत नाही म्हणून जुलाबाचे औषध तर अजिबात नको. कॅप्सूल एंडोस्कोपी (कॅमेरा असलेली गोळी गिळून तपासणी) सुचवली गेली तर स्ट्रिक्चर आहे हे स्वतःहून सांगावे, कॅप्सूल आत अडकून ऑपरेशनची वेळ येऊ शकते. वायू सरणे बंद, हिरवी उलटी, कळ न उतरता सततचे दुखणे, ताप, यांपैकी काही असेल तर तोंडाने काही न घेता थेट रुग्णालयात जावे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या पोटदुखीच्या इंजेक्शनाने कळ दबते आणि वेळ जातो.

लहान आतड्याचा शेवटचा 20 सेंटीमीटरहून अधिक भाग काढला असेल, तर बी12 ची पातळी नियमित पाहावी, कमी निघाल्यास इंजेक्शन बहुधा कायमचे लागते. ऑपरेशननंतरचे पातळ जुलाब दरवेळी आजार परतल्याचे नसतात. पित्तक्षार आतड्यात शोषले न गेल्यानेही ते होतात आणि कोलेस्टिरामिन या पित्तक्षार बांधून ठेवणाऱ्या औषधाने थांबतात. जोडाजवळ आजार परत येतो तेव्हा पहिले काही महिने काहीच जाणवत नाही, म्हणून सहाव्या महिन्याच्या सुमारास एक कोलोनोस्कोपी होते. तिची तारीख डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्यावी.