लोणी येण्याच्या आधी

आठवडाभर साठवलेल्या सायीला विरजण लावून ताक घुसळायला बसली, की माझी आजी आधी पातेल्याला बाहेरून हात लावून पाही. हिवाळा असेल तर ती त्यात वाटीभर कोमट पाणी घाली, उन्हाळा असेल तर माठातले गार पाणी, आणि पुढे घरात फ्रीज आल्यावर बर्फाचे खडे. असे का करायचे, याचे तिचे उत्तर ठरलेले असे: फार गार असले तर लोणी येत नाही आणि फार गरम असले तर ते धरत नाही. केकवर किंवा फळांवर घालायचे व्हिप्ड क्रीम घरी करू पाहणाऱ्याला जे विज्ञान लागते, त्याचा गाभा या एका वाक्यात आहे. कारण क्रीम फेटणे ही लोणी काढण्याचीच क्रिया आहे. फक्त ती लोणी येण्याच्या थोडी आधी थांबवायची असते. भांडे गार करा, क्रीम गार करा, असे पाककृतींत सांगितलेले असते, पण क्रीममधले नेमके काय गार व्हायला हवे आणि त्याला किती वेळ लागतो, हे बहुधा सांगितले जात नाही. बहुतेकांचे क्रीम बिघडते ते इथेच.

दुधातला स्निग्धांश अतिसूक्ष्म गोलकांच्या रूपाने पाण्यात विखुरलेला असतो. गाईच्या दुधात या गोलकांचा व्यास सरासरी ३ ते ४ मायक्रॉन असतो, म्हशीच्या दुधात त्याहून थोडा अधिक. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक गोलकाभोवती फॉस्फोलिपिडे (एक टोक पाण्याकडे आणि दुसरे स्निग्धांशाकडे ओढ घेणारे मेदाचे रेणू) आणि प्रथिने यांचे पातळ आवरण असते, आणि या आवरणामुळेच दोन गोलक एकमेकांवर आपटले तरी एकजीव होत नाहीत. दूध कितीही वेळा ओतले, ढवळले, वरखाली केले तरी त्यातून सहजी लोणी निघत नाही, याचे श्रेय या आवरणाला जाते. १०० ग्रॅम क्रीममध्ये ३५ ग्रॅम स्निग्धांश असेल आणि सगळे गोलक ३ मायक्रॉनचे आहेत असे धरले, तर त्यांची संख्या अडीच लाख कोटींहून अधिक भरते. या अफाट गर्दीतल्या गोलकांची आवरणे थोडीशी फाडायची आणि त्यांना एकमेकांना अर्धवट चिकटवायचे, एवढेच काम फेटणाऱ्याला करायचे असते.

बीटर सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात क्रीममध्ये मोठे, ओबडधोबड बुडबुडे दिसतात. या वेळी हवेला धरून ठेवण्याचे काम दुधातली प्रथिने करतात. पाण्यात विरघळलेली प्रथिने बुडबुड्याच्या पृष्ठभागावर क्षणार्धात पोहोचतात आणि त्यावर पातळ पडदा तयार करतात. दुधाला उकळी येताना किंवा कॉफी घोटताना जो फेस येतो तो याच जातीचा, आणि तो तसाच ठेवला तर बसूनही जातो. पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत मात्र दृश्य पालटते. बीटरच्या तारा मोठे बुडबुडे चिरून लहान करत जातात, स्निग्ध गोलक त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर येऊन आदळतात, तिथे त्यांचे आवरण फाटते, आणि उघडे पडलेले गोलक एकमेकांना चिकटून बुडबुड्याभोवती कडे करतात. एका बुडबुड्याभोवतीचे कडे शेजारच्या कड्याला जोडले जाते, आणि पाहता पाहता सगळ्या भांड्यात स्निग्ध कणांच्या साखळ्यांचे जाळे पसरते. बीटरच्या मागे क्रीममध्ये रेघ उमटून ती क्षणभर टिकू लागली, की हे जाळे विणले जाऊ लागले असे समजावे.

अंड्याच्या पांढऱ्या भागाचा फेस याच्या अगदी उलट असतो. तिथे सगळा भार प्रथिनांवर असतो आणि पिवळ्या बलकाचा थेंबभर अंश किंवा भांड्याला लागलेले तूपही फेस बसवायला पुरते. व्हिप्ड क्रीममध्ये मात्र तोच स्निग्धांश फेसाचा खांब होतो. म्हणून अंड्याचा फेस भट्टीत भाजून कडक करता येतो, पण व्हिप्ड क्रीम उन्हात ठेवले की त्याचे खांबच वितळतात.

आता मुख्य मुद्दा. गोलक एकमेकांना चिकटावेत, पण विरघळून एकच मोठा थेंब होऊ नयेत, असे दोन्ही एकदम साधायचे कसे? याचे उत्तर दुधातल्या स्निग्धांशाच्या एका वैशिष्ट्यात आहे. तो एकाच तापमानाला वितळत नाही. त्यात अनेक प्रकारची मेदाम्ले, म्हणजे मेदाचे मूळ घटक, असल्यामुळे त्याचा काही भाग फ्रीजच्या थंडीतही पातळ राहतो, तर काही भाग ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासही घट्ट असतो. ४-५ अंशांवर त्यातला साधारण निम्मा भाग स्फटिकरूप असतो आणि उरलेला द्रवरूप. असा गोलक दुसऱ्यावर आपटला, की पहिल्याच्या पृष्ठभागातून बाहेर डोकावणारे सुईसारखे स्फटिक दुसऱ्याचे आवरण भेदतात, आतला द्रव स्निग्धांश त्या जागी डिंकासारखा पसरतो, आणि दोघे जोडले जातात. पण दोघांच्याही आत स्फटिकांचा सांगाडा असल्यामुळे त्यांचे मूळ आकार शाबूत राहतात. ओंजळीत ओल्या चुरमुऱ्यांचा लाडू वळावा तसे हे आहे. चुरमुरे एकमेकांना धरतात, पण प्रत्येक चुरमुरा वेगळा दिसतो. सगळा स्निग्धांश द्रवरूप असता तर गोलक मिळून तेलाचे थेंब झाले असते आणि त्या तेलाने बुडबुडे फोडले असते. सगळाच घट्ट असता तर ते वाळूच्या कणांसारखे एकमेकांवरून घसरत राहिले असते. आजीचे फार गार आणि फार गरम ते हेच.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: क्रीम थंड होणे आणि त्यातला स्निग्धांश गोठणे या दोन वेगळ्या घटना आहेत. खोलीच्या तापमानाचे क्रीम डीप फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवले तर ते हाताला बर्फगार लागते, पण त्यातले गोलक आतून बरेचसे पातळच असतात. एखाद्या डब्यातले तूप गोठते तेव्हा कुठेतरी एक स्फटिक सुरू होतो आणि तो सगळीकडे पसरतो. क्रीममध्ये तसे होऊ शकत नाही, कारण प्रत्येक गोलक स्वतंत्र, आवरणात बंद असतो आणि प्रत्येकात स्फटिकाची सुरुवात नव्याने व्हावी लागते. त्याला तास लागतात. म्हणून क्रीम फ्रीजच्या आतल्या, थंड कप्प्यात किमान रात्रभर ठेवावे, दारातल्या कप्प्यात नव्हे. मी स्वतः एकदा मे महिन्यात, पाहुणे यायच्या दोन तास आधी दुकानातून आणलेले क्रीम फ्रीजरमध्ये घालून लगेच फेटायला घेतले होते. वीस मिनिटे बीटर चालवूनही ते पातळच राहिले आणि शेवटी कडेला तेलकट तवंग दिसू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचे, रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेले क्रीम चार मिनिटांत उभे राहिले.

थंडीचे हे महत्त्व आपल्या देशात फार पूर्वीपासून जाणलेले आहे. दिल्लीची दौलत की चाट, लखनौची निमिष आणि बनारसचा मलइयो हे दुधाच्या फेसाचे पदार्थ हिवाळ्यातच मिळतात. आटवलेले दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली गार ठेवायचे, पहाटे घुसळायचे आणि वर येणारा फेस अलगद काढून घ्यायचा, अशी ती रीत. ऊन चढले की माल संपलेला असतो, नाहीतर बसलेला. युरोपात गोड केलेल्या फेटलेल्या क्रीमची कृती १५४९मध्ये इटलीतल्या फेरारा इथे लिहिलेली सापडते, आणि तिथे त्याला ‘दुधाचा बर्फ’ असे नाव होते. त्या काळी मलई मिळवायची तर दूध तासन्‌तास स्थिर ठेवून ती आपोआप वर येण्याची वाट पाहावी लागे. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ द लावाल यांनी १८७८मध्ये गरगर फिरवून दुधातून मलई सतत वेगळी करणारे यंत्र तयार केले, तेव्हा कुठे दाट क्रीम भरपूर प्रमाणात मिळू लागले.

आपल्याकडे घरी व्हिप्ड क्रीम करायला घेतले की पहिली अडचण येते ती कच्च्या मालाची. साय म्हणजे क्रीम नव्हे. तापवलेल्या दुधावर जी साय धरते तिच्यात स्निग्धांशाबरोबर उष्णतेने साकळलेल्या प्रथिनांचा पापुद्रा असतो, आणि तिच्यातले गोलक आधीच एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे साय फेटली तर फेस नीट धरण्याआधीच ती कणीदार होते आणि लोण्याकडे झुकते. तुपासाठी ती उत्तम, केकसाठी नाही. घरी निरसे दूध येत असेल तर ते न तापवता उंच भांड्यात फ्रीजमध्ये दिवसभर स्थिर ठेवावे आणि वर आलेली मलई पळीने काढून घ्यावी. गाईच्या दुधावर ती लवकर येते, कारण त्यातले एक प्रथिन थंडीत गोलकांचे पुंजके करते. म्हशीच्या दुधावर वेळ लागतो. ही मलई कच्ची असते, म्हणून सतत हलवत ६६ अंशांवर अर्धा तास ठेवून, मग झटपट गार करून वापरावी. एवढी खटपट सगळ्यांना जमणार नाही, हे मान्य आहे.

दुकानात सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या खोक्यावर २५ टक्के स्निग्धांश असे छापलेले असते. भाजीच्या रश्शासाठी ते पुरते, पण फेसाला नाही, कारण बुडबुड्यांभोवती पुरेसे दाट कडे होण्याइतके गोलकच त्यात नसतात. त्यासाठी किमान ३० आणि चांगल्या परिणामासाठी ३५ टक्के लागतात. हा फरक बाजारातल्या बिनमिठाच्या लोण्याने भरून काढता येतो. त्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे २५ टक्क्यांच्या २५० ग्रॅम क्रीममध्ये ५५ ग्रॅम लोणी मिसळले की एकूण प्रमाण ३५ टक्क्यांवर येते. क्रीम मंद आचेवर लोणी वितळेपर्यंतच गरम करावे, उकळू देऊ नये, मग मिक्सरच्या भांड्यात दोन मिनिटे जोरात फिरवावे, म्हणजे लोण्याचे पुन्हा बारीक गोलक होऊन त्यांच्यावर क्रीममधली प्रथिने बसतात. त्यानंतर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणे आलेच. इथे तर ते दुप्पट गरजेचे, कारण सगळा स्निग्धांश आपण नुकताच वितळवलेला असतो. ३० ते ३५ टक्क्यांचे खास फेटण्याचे क्रीम मिळत असेल तर अर्थातच ते घ्यावे.

फेटण्याच्या वेळी स्वयंपाकघराचे तापमान ३० अंशांच्या वर असेल, तर पातेले आणि बीटरच्या तारा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि पातेले बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून काम करावे. काचेच्या भांड्यापेक्षा स्टीलचे पातेले बरे, कारण बाहेरच्या बर्फाची थंडी त्यातून लगेच आत पोहोचते. फेटण्यानेही क्रीम गरम होत असते, आणि १० अंशांच्या पुढे गेले की फेस मऊ पडू लागतो. पिठीसाखर रेघा उमटू लागल्यावर घालावी. ती सुरुवातीलाच घातली तर पातळ भाग दाट होतो, गोलकांच्या टकरा मंदावतात आणि फेस धरायला उशीर लागतो. वेग मध्यम ठेवावा. बीटर वर उचलल्यावर शेंडा उभा राहून फक्त टोक वाकले, की फळांवर घालायला ते तयार आहे. टोकही ताठ राहिले तर केकवर नक्षी काढायला. या वेळी मूळच्या मापाच्या जवळजवळ दुप्पट क्रीम झालेले असते, म्हणजे चमच्यात जे येते त्यातला निम्मा भाग हवा असते.

वाढदिवसाच्या केकवर बहुतेक बेकऱ्यांतून जे पांढरेशुभ्र क्रीम येते ते अनेकदा दुधाचे नसतेच. त्यात पाम कर्नेलसारखे घट्ट केलेले वनस्पती तेल, साखर, पाणी आणि पायसीकारके, म्हणजे तेल व पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ, असतात. ते कितीही फेटले तरी सहसा फाटत नाही आणि दुकानाच्या काचेत तासन्‌तास उभे राहते, म्हणून व्यावसायिकांना ते सोयीचे वाटते. भारतात १ जानेवारी २०२२पासून खाद्यतेले व वनस्पती तुपातील आणि ते वापरून केलेल्या पदार्थांतील, हृदयाला घातक मानल्या जाणाऱ्या ट्रान्स मेदाला २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीची एक मोठी चिंता कमी झाली आहे. तरीही चवीत तो मेणचट थर टाळूला जाणवतो. दुधाचा स्निग्धांश तोंडाच्या उष्णतेला पुरता वितळतो आणि त्याची चव मागे राहते. घरी खटपट करावी ती यासाठीच, असे माझे मत आहे.

शेंडा ताठ झाल्यावर हात थांबला नाही तर काय होते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. आधी चकाकी जाते, मग कडा रवाळ दिसू लागतात, रंगात किंचित पिवळेपणा येतो. इथवर उपाय असतो: बाजूला ठेवलेले दोन-तीन चमचे न फेटलेले क्रीम घालून चमच्याने हलक्या हाताने वरखाली केले, तर जाळे सैल होऊन ते पुन्हा मऊ होते. याही पुढे गेले, की कडी फुटतात, बुडबुड्यांतली हवा निसटते, साखळ्यांचे गोळे होतात आणि बीटरचा आवाज बदलून भांड्याबाहेर पांढुरके पाणी उडू लागते. इतका वेळ पाण्यात स्निग्धांश विखुरलेला होता, आता स्निग्धांशात पाण्याचे थेंब अडकलेले असतात. तिथून मागे येता येत नाही. साखर घातलेली नसेल तर मात्र काहीच वाया जात नाही. गोळा गार पाण्याने दोनदा धुऊन घ्यावा, ते ताजे लोणी भाकरीवर घालावे, आणि खाली उरलेल्या, आंबट नसलेल्या ताकात कणीक भिजवावी.