कमिंग आउट आणि आत्मस्वीकार : ठाणे व नवी मुंबई

आपला लैंगिक कल किंवा आपली लिंगओळख भोवतालच्यांनी गृहीत धरल्यापेक्षा वेगळी आहे, हे व्यक्तीने आधी स्वतःशी मान्य करणे आणि पुढे निवडक माणसांना किंवा सर्वांनाच सांगणे, या प्रक्रियेला कमिंग आउट म्हणतात. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल (स्त्री व पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटणाऱ्या) आणि ट्रान्सजेंडर (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या) व्यक्तींच्या आयुष्यात ती एका दिवसात उरकत नाही. नवे कार्यालय, नवी सोसायटी, नवा डॉक्टर अशा प्रत्येक ठिकाणी काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, हा निर्णय नव्याने घ्यावा लागतो. ठाणे आणि नवी मुंबई या शेजारच्या शहरांत या प्रक्रियेला घराची रचना, लग्नाची घाई आणि मुंबईची जवळीक यांनी स्वतःचे वळण दिले आहे.

आत्मस्वीकाराची मांडणी करताना ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कॅस यांच्या 1979 मधील प्रतिमानाचा उल्लेख बहुधा होतो. गोंधळ, तुलना, सहन करणे, स्वीकार, अभिमान आणि समन्वय असे सहा टप्पे त्यांनी मांडले. मात्र हा क्रम येथील अनुभवांना जसाच्या तसा लावता येत नाही. स्वतःशी पुरता समेट होण्याआधीच एखादे स्थळ सांगून येते, पत्रिका जुळते, बघण्याचा कार्यक्रम ठरतो आणि नकाराचे कारण देताना सत्य बाहेर पडते. म्हणजे स्वीकार मागे राहतो आणि सांगणे पुढे जाते. उलट काही जण स्वतःला वर्षानुवर्षे पुरते ओळखून असतात, मित्रमंडळींत मोकळे असतात, पण घरी कधीच सांगत नाहीत. अशांना अर्धवट किंवा भित्रे ठरवणे अन्यायाचे आहे, कारण घर टिकवणे हीही त्यांनी विचारपूर्वक केलेली निवड असू शकते.

घरात बोलण्यासाठी जागा मिळणे ही येथील पहिली अडचण आहे. नौपाड्यातील जुन्या इमारतीत, वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत किंवा वाशी-नेरूळच्या सिडकोच्या लहान सदनिकेत स्वतंत्र खोली ही चैन असते. फोनवरचे बोलणेसुद्धा जिन्यात किंवा गच्चीवर जाऊन उरकावे लागते. त्यामुळे महत्त्वाची संभाषणे घराबाहेर होतात. तलावपाळीचा कट्टा, उपवन, वाशीचे सागर विहार, खारघरचे सेंट्रल पार्क किंवा ठाणे-वाशी लोकलचा दुपारचा रिकामा डबा अशा जागी मनातले पहिल्यांदा बोलले जाते. घरात हे पहिल्यांदा कळते ते बहुधा ताईला किंवा वहिनीला. त्यानंतर आईला, आणि बाबांना सांगण्याचे काम पुष्कळदा आईवरच येते. ऐकल्यावर आईचा पहिला प्रश्न 'आमचं काय चुकलं?' असा आणि दुसरा 'आणखी कोणाला सांगितलंस?' असा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने दिले आहे, ते म्हणजे संगोपनातील कोणत्याही चुकीमुळे लैंगिक कल ठरत नाही. दुसऱ्या प्रश्नामागे सोसायटी, भाऊबंद आणि धाकट्या बहिणीचे व्हायचे लग्न उभे असते, आणि त्यावर शास्त्राकडे तोडगा नाही.

मराठी वाचकांपुढे हे अनुभव आले ते स्वतःच्या नावानिशी बोलणाऱ्या काही माणसांमुळे. पत्रकार अशोक राव कवी यांनी 1986 मध्ये एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले. 1990 मध्ये त्यांनी समलिंगी समुदायासाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि 1994 मध्ये मुंबईत याच समुदायासाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये अशाच कामासाठी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. त्यांनी या विषयावर सातत्याने मराठीत लिहिले, आणि इंग्रजी न वाचणाऱ्या आईवडिलांच्या हाती देता येईल असे काही प्रथमच उपलब्ध झाले. या कामाचे मोल मुंबईतील मोर्चांपेक्षा कमी मानता येत नाही. पुण्यातील घर सोडून मुंबईला आलेल्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी मालाडमध्ये सखी चारचौघी ट्रस्ट उभा केला आणि एका मुलीचे मातृत्व स्वीकारले. 2019 च्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रात सदिच्छादूत नेमले. मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी 2015 मध्ये आपला मुलगा हरीश याच्यासाठी वर हवा अशी जाहिरात वृत्तपत्रात दिली. त्या जाहिरातीत अय्यर स्थळाला प्राधान्य असल्याचेही लिहिले होते, आणि त्यावर टीका झाली. एका चौकटीतून मोकळे झालेले कुटुंब दुसऱ्या चौकटीत तसेच राहू शकते, हे त्या वादातून दिसले.

ठाण्याहून मुंबई लोकलने तासाभरावर असल्याने या दोन शहरांतील अनेकांचे खुले आयुष्य मुंबईत आणि झाकलेले आयुष्य घरी, अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली आहे. 2008 पासून मुंबईत निघणाऱ्या अभिमान यात्रेत (प्राइड मार्चमध्ये) चेहऱ्यावर मुखवटा लावून चालणारे लोक सुरुवातीच्या काळात नेहमी दिसत. ऐरोली आणि महापे येथील माहिती तंत्रज्ञान संकुले आल्यावर ही विभागणी काही प्रमाणात उलटली. मोठ्या कंपन्यांच्या समावेशक धोरणांमुळे कार्यालयात जोडीदाराचा उल्लेख सहज करणारा तरुण घणसोलीच्या भाड्याच्या घरात मात्र घरमालकापुढे त्याच जोडीदाराची ओळख 'मावसभाऊ' अशी करून देतो.

कायद्याचा परिणाम घरातल्या बोलण्यावर थेट झाला. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 377 नुसार प्रौढांमधील संमतीचा समलिंगी संबंधही गुन्हा ठरत असे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी ही तरतूद त्या मर्यादेत रद्दबातल ठरवली, पण 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मधल्या चार वर्षांत 'आता हा गुन्हा नाही' असे घरी सांगून बसलेल्यांची त्यामुळे विलक्षण कोंडी झाली. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा गुन्हा एकमताने मोडीत काढला. या समुदायाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना झालेल्या विलंबाबद्दल इतिहासाने क्षमा मागितली पाहिजे, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालपत्रात नमूद केले. त्यातील कुटुंबीयांचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला, आणि 'पुढे काय?' हा आईवडिलांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अनुत्तरितच राहिला.

अनेक पालकांचे पहिले पाऊल डॉक्टरकडे पडते, आणि तेथे योग्य माणूस भेटला तर कुटुंबाची काही वर्षे वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करावे लागते. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक अपेक्षांशी व्यक्ती जुळत नाही, हा त्याचा आधार होऊ शकत नाही. कल बदलून देण्याचा दावा करणारे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. तरीही गंडेदोरे आणि 'लग्न झाले की सुधारेल' हा सल्ला अजून पुरता हटलेला नाही. त्या सल्ल्याची किंमत लग्न होऊन घरात आलेल्या, यातले काहीच ठाऊक नसलेल्या मुलीला मोजावी लागते, आणि प्रेरक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

ट्रान्सजेंडर व्यक्तींचा अनुभव निराळा असतो. चालणे, बोलणे आणि पेहराव यांवरून त्यांची ओळख शाळेतच इतरांच्या नजरेत येते, त्यामुळे सांगायचे की नाही हा पर्यायच पुष्कळांना मिळत नाही. घर सुटल्यावर हिजडा समाजाच्या गुरू-चेला परंपरेतील घराण्याचा आधार मिळतो आणि त्याचबरोबर त्या घराण्याची शिस्तही पाळावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 10 जानेवारी 2020 पासून अमलात आलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात, त्याच्या मूळ स्वरूपात, ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून देण्याची व्यवस्था ठेवण्यात आली. नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागलेली असल्याने यात एक खास स्थानिक गुंता आहे. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, तर शेजारचे खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात मोडतात आणि त्या जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. अर्ज संकेतस्थळावरून करता येऊ लागला तरी जुनी शाळा, बँक आणि आधार अशा प्रत्येक ठिकाणी नाव बदलताना तीच हकिकत नव्याने सांगावी लागते.

पालकांचाही एक प्रवास असतो, आणि तो बहुतेक वेळा मुलांच्या मागून सुरू होतो. मुलाने दहा वर्षे मनात घोळवलेली गोष्ट आईने दहा मिनिटांत स्वीकारावी ही अपेक्षा रास्त नाही. 2017 मध्ये मुंबईत सुरू झालेला 'स्वीकार' हा पालकांचा गट याच जाणिवेतून काम करतो. आपल्यासारखीच दुसरी आई समोर बसून बोलते, तेव्हा समुपदेशकाचे न पटलेले मुद्देही पटू लागतात. त्यानंतर नातेवाइकांच्या 'मुलाचे लग्न कधी?' या प्रश्नाला खरे उत्तर देणे, हे पालकांचे स्वतःचे कमिंग आउट असते. काही पालक ते कधीच करत नाहीत, पण जोडीदाराला गणपतीत आरतीला बोलावतात आणि शेजाऱ्यांपुढे मौन पाळतात. हाही स्वीकारच होय, जरी तो कुठे जाहीर होत नसला तरी.

एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचे प्रश्न हळूहळू कागदपत्रांकडे वळत आहेत. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि खात्यातील शिल्लक मिळण्यासाठी एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही मनाई नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले. ठेवीच्या नामनिर्देशन अर्जात 'ठेवीदाराशी नाते, असल्यास' असा रकाना असतो. तो कोरा ठेवला तरी अर्ज स्वीकारला जातो, आणि त्यात 'जोडीदार' असे लिहायचे की 'मित्र', हे त्या दोघांनीच ठरवायचे असते.