गरोदरपणाचं पुस्तक घेताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

घरात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की कुणीतरी आमच्या दुकानात येतं. कधी नवरा, कधी भाऊ, कधी सासूबाई स्वतः. काउंटरवर चार-पाच पुस्तकं मांडली की बहुतेक जण कव्हर आणि किंमत बघून एक उचलतात. लातूरच्या गंजगोलाईत बाजाराला आलेलं माणूस घाईत असतं, हे मान्य. तरी हे एक पुस्तक बसून, चाळून घ्या. आणि जिला वाचायचं आहे तिलाच सोबत आणता आलं तर फार बरं.

सगळ्यात आधी धोक्याच्या लक्षणांचं पान शोधा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं असह्य दुखणं, नजर धूसर होणं, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणं. ही लक्षणं एकाच जागी, ठळक अक्षरात हवीत आणि शेजारी 'लगेच दवाखान्यात जा' असं स्वच्छ लिहिलेलं हवं. काही पुस्तकांत नऊ महिन्यांची सुंदर रंगीत चित्रं असतात आणि हा मजकूर मात्र शेवटच्या प्रकरणात, बारीक टायपात, दोन परिच्छेदांत गुंडाळलेला असतो. मध्यरात्री घाबरलेल्या घराला तो सापडणार नाही. शेतातल्या वस्तीवर किंवा तांड्यावर राहणाऱ्यांना गाडी मिळेपर्यंतच वेळ जातो, तिथे निर्णय तरी पटकन व्हायला हवा. म्हणून पुस्तक देताना त्या पानाला आम्ही रंगीत पट्टी लावून देतो आणि तिच्यावर १०८ व १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर लिहितो.

मग आवृत्ती बघा. 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला, 'सुधारित आवृत्ती' म्हणजे मजकुरात बदल केलेला. पुनर्मुद्रणाचं साल ताजं असलं तरी आतला सल्ला जुना असू शकतो. ओळखायची सोपी खूण लसीच्या पानावर मिळते. पूर्वी सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला धनुर्वाताची टीटी लस देत. आता तिच्या जागी टीडी देतात, तिच्यात धनुर्वातासोबत घटसर्पापासूनही संरक्षण आहे. पुस्तकात नुसतं टीटीच असेल तर ते परत ठेवा.

आहाराचं प्रकरण नीट वाचा. सकाळी ओट्स आणि संध्याकाळी ब्रोकोलीचं सूप सांगणारा तक्ता आपल्याकडच्या सुनेला काय कामाचा? ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचं वरण, मटकी, शेंगदाणे, पालेभाज्या, दूध, अंडी, जमेल तसं मटण-मासे, म्हणजे जे घरात शिजतं त्यातून ताट कसं भरायचं हे सांगणारं पुस्तक घ्या. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, ही भीती अजून कितीतरी घरांत आहे. ती काढायचा प्रयत्न पुस्तकात असला पाहिजे.

लोहाच्या गोळ्यांबद्दल तर आम्ही प्रत्येक पुस्तक तपासूनच ठेवतो. गरोदरपणी रक्तातलं हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी, निदान १८० दिवस देतात. गोळ्या घरात येतात, पण पोटात जात नाहीत. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून पाकीट फडताळात पडून राहतं. काळं होण्यात धोका नाही, गोळी चहासोबत घेऊ नये, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, लिंबू किंवा आवळा सोबत असला तर लोह चांगलं अंगी लागतं. एवढं ज्या पुस्तकात लिहिलेलं आहे, त्याच्या लेखकाने बायांचं ऐकलेलं आहे असं समजा.

गर्भसंस्काराची पुस्तकं मागणारेही पुष्कळ असतात. श्लोक, संगीत, शांत वाचन यांनी मन प्रसन्न राहत असेल तर जरूर घ्या. पण तपासण्या, सोनोग्राफी, गोळ्या यांची गरज नाही असं सुचवणारं पुस्तक आमच्याकडे मिळणार नाही. मुलगाच व्हावा म्हणून उपाय सांगणारं तर नाहीच नाही, कितीही विचारलं तरी. गर्भलिंग निवडीची जाहिरात १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि २०११च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८०७ होत्या, हे आम्हाला विसरता येत नाही.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, पुस्तकही सोबत जातं. त्यामुळे बाळंतपणानंतरचं प्रकरण नसलेलं पुस्तक अर्धंच म्हणायचं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर पाजणं, चीक पिळून टाकू नये तो पाजावा, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, हे त्यात हवं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं आणि खोली गच्च बंद ठेवायची हे लातूरच्या एप्रिल-मेमध्ये किती घातक आहे, हेही आईला आणि सासूला वाचून दाखवता येईल अशा सोप्या भाषेत हवं.

पैशाची अडचण असेल तर पुस्तक नाही घेतलं तरी चालेल. आशाताई, अंगणवाडीताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टरकडून माता-बाल संरक्षण कार्ड फुकट मिळतं. त्यात धोक्याची लक्षणं चित्रांसह आहेत आणि तपासणीच्या नोंदीही होतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी ते सोबतच न्यावं, तिकडच्या दवाखान्यात तीच ओळख. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तीही चुकवू नका.

घेतलेलं पुस्तक पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. त्यांना एखादा सल्ला पटला नाही, किंवा घरी अक्षर बारीक वाटलं, तर पावतीसह पंधरा दिवसांत आणा. पानांवर पेन्सिलच्या खुणा असल्या तरी बदलून देऊ.