जुनं काडतूस म्हणजे ‘फक्त जोर कमी’?

रायफलचं काडतूस जुनं झालं तर फार तर बार थोडा हलका बसतो, हा समज आफ्रिकेतल्या हत्ती-रानरेड्यांच्या शिकारीच्या गप्पांत अजून चालतो. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद, तेव्हा प्रश्न तिकडचा.)

थंड, कोरड्या जागी ठेवलेली काडतुसातली दारू पन्नास वर्षंही टिकते, हे मान्य. पण किनॉक या ब्रिटिश कंपनीची .४७० नायट्रो एक्सप्रेसची (मोठ्या शिकारीच्या रायफलची) जुनी कॉर्डाइट, म्हणजे जुन्या प्रकारच्या बिनधुराच्या दारूची, काडतुसं इतकी वर्षं कुठल्या उन्हात पडून होती, कोण सांगणार? घात बऱ्याचदा टोपी करते, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी ठिणगीची टोपी. चाप ओढला की नुसता ‘टक्’, आणि बार क्षणभर उशिरा. तेवढ्यात नळी हलली तर ५०० ग्रेनची (सुमारे ३२ ग्रॅमची) गोळी भलतीकडे. म्हणूनच बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं. समोर चवताळलेला रानरेडा असताना थांबणार कसं?

जुन्या टोप्यांतल्या क्षारांनी नळी गंजते, ते वेगळंच. तिथे नुसतं तेल पुरत नाही, गरम पाण्याने धुवावी लागते. काडतुसाच्या पितळी कवचाच्या मानेवर बारीक तडा दिसला की काडतूस बाद. आणि पेटीतली चार नीट उडाली म्हणून पाचवं उडेलच, असं नाही.