कळ अडकते ती गंजाने की गोठलेल्या तेलाने?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून किंवा जुन्या घराच्या माळ्यावरून टाइपरायटर घरी आला की पहिली तक्रार बहुधा एकच असते. कळ दाबली की अक्षराची दांडी वर जाते आणि तिथेच राहते, नाहीतर आळस देत सावकाश खाली येते. विकणारा सांगतो, "थोडं तेल घाला, सुटेल." काम बिघडतं ते इथेच. दांडी अडकण्यामागे गंज असू शकतो किंवा गोठलेलं जुनं तेल. वरवर पाहता दोन्ही तपकिरीच दिसतात. पण तेलाचा जो थेंब गंजावर उतारा ठरतो, तोच गोठलेल्या तेलावर पडला की आधीच्या चिकट्यात भर घालतो.

आधी दोन किरकोळ गोष्टी बघून घ्या. कॅरेज, म्हणजे कागद धरून आडवा सरकणारा वरचा भाग, जागचं हलतच नसेल तर त्याचं कुलूप लागलेलं असू शकतं. प्रवासासाठी ते मध्यभागी अडकवून ठेवतात. दांडी शेजारच्या दांडीला किंवा कागदाजवळच्या, अक्षर जिथून जातं त्या मधल्या अरुंद वाटेला घासत असेल तर ती वाकलेली आहे, तिला ना तेल लागेल ना घासणं.

आता अडकण्याची जागा. सगळ्या दांड्यांची मुळं समोरच्या अर्धगोल पट्ट्यात, ज्याला सेगमेंट म्हणतात त्यात, आपापल्या खाचेत बसलेली असतात. दांडी आणि खाच यांच्यात जागा जेमतेम असते. परत येण्यासाठी दांडीला हलकी स्प्रिंग आणि स्वतःचं वजन एवढाच आधार, म्हणून जरासा चिकटपणाही पुरतो. सेगमेंट कोरडाच चालायचा असतो. पण कुणीतरी कधीतरी तिथे तेल सोडलेलं असतं. ते हवेने घट्ट होत जातं, त्यात धूळ आणि रिबनचे धागे मिसळतात आणि शेवटी त्याचं वार्निश होतं. घरात हाताशी असलेलं खोबरेल घातलं असेल तर आणखी वाईट, कारण ते थंडीत थिजतंही आणि जुनं झालं की चिकटतंही.

गंज सहसा दुसरीकडून येतो. समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस उघड्या पोलादाला आधी खातो: कळांच्या खालच्या पट्ट्या, बारीक स्प्रिंगा, समासाची दांडी, स्क्रूंची डोकी, कॅरेजचे रूळ. त्यामुळे यंत्र बाहेरून गंजलेलं दिसतं आणि खाचांतला दोषही गंजाचाच असेल असं वाटतं. बहुतेक वेळा तो तसा नसतो.

ओळखायचं कसं? अडलेली दांडी बोटाने वर उचला आणि सोडा. तेल गोठलेलं असेल तर ती मधातून चमचा खाली बसावा तशी एकाच संथ गतीने उतरते, आणि वीस-पंचवीस वेळा हलवल्यावर थोडी मोकळी होते. गंज असेल तर ती एका ठरावीक जागी अडते आणि बोटाला खरखर जाणवते. मग हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून सेगमेंटवर दोन-तीन मिनिटं फिरवा. कळांच्या प्लास्टिकवर आणि कागद ज्यावर गुंडाळतो त्या रोलरच्या रबरावर झोत नको. उष्णतेने चिकटा सैल पडतो, गंजाला फरक पडत नाही. तरीही शंका राहिली तर कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून खाचेत फिरवा. पिवळट-तपकिरी चिकट डाग आला तर तेल, तांबूस कणीदार भुकटी आली तर गंज. गोव्यातल्या यंत्रात दोन्ही एकत्र सापडणं काही नवलाचं नाही. तेव्हा आधी चिकटा काढा, कारण त्याखालचा गंज त्याशिवाय दिसत नाही.

चिकट्यावर उपाय म्हणजे धुणं. रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणा. दुकानदार त्याला एमटीओ म्हणतो. झाडाच्या डिंकापासून काढलेलं टर्पेंटाइन नको, ते स्वतःच मागे चिकट थर ठेवतं. थिनर तर मुळीच नको, यंत्राचा रंग आणि त्यावरचं नाव दोन्ही उतरेल. खिडक्या उघडा, जवळपास गॅस पेटता नको. रोलरवर जाड फडकं घाला. खाली वर्तमानपत्र पसरून यंत्र असं तिरकं करा की मळकं टर्पेंटाइन आत न जाता बाहेर गळेल. बारीक ब्रशने खाचांत थोडं थोडं सोडा, प्रत्येक दांडी वीस-तीस वेळा हलवा, सुटलेला मळ फडक्याने टिपा. एका धुण्याने होत नाही. तीन-चार वेळा करावं लागतं, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. पहिल्या धुण्यानंतर सगळं सुरळीत वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडतं, याचा अर्थ विरघळलेला मळ खाचेतच वाळला. हताश होऊन तेल घालण्याचा मोह नेमका याच वेळी होतो. डब्ल्यूडी-४०सारखा फवाराही इथे नको: त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे राहिलेला तेलकट थर धूळ धरतो.

गंजाला मात्र तेल लागतं. जाम झालेल्या सांध्यावर गंज सैल करणाऱ्या तेलाचा एकच थेंब सोडा, रात्रभर थांबा आणि मग हळूहळू हलवा. जोर केला तर दांडी वाकते किंवा कळेची जोडतार निखळते. वरवरचा गंज ०००० क्रमांकाच्या पोलादी लोकरीने निघतो. अक्षरांच्या तोंडाला ती किंवा पॉलिशपेपर लावू नका, तिथे साधा ताठ ब्रश पुरे. आमसूल किंवा चिंच तांब्याच्या भांड्यांसाठी ठीक, यंत्रावरचा निकेलचा मुलामा ते आम्ल खातं. गंज गेल्यावर रुळांवर शिलाई मशीनच्या तेलाचा नावापुरता हात फिरवा. गंज सैल करणारं तेल सेगमेंटमध्ये वापरावं लागलं असेल तर काम झाल्यावर तिथून ते टर्पेंटाइनने धुऊन काढायचं.

कॅरेजच्या बाबतीतही हाच घोळ होतो. अक्षरं एकावर एक पडत असतील तर कुठे पडतात ते पाहा. ओळीत कुठेही पडत असतील तर कॅरेजला एकेक घर पुढे सोडणारी दातेरी यंत्रणा चिकटलेली असते, नाहीतर ते ओढणारा पट्टा सैल झालेला असतो. दर ओळीत त्याच जागी पडत असतील तर रुळावर गंज किंवा कचरा आहे. कॅरेज मोकळं करणारी कळ दाबून ते हाताने सरकवलं की अडखळण्याची जागा लगेच कळते.

सगळं वाळल्यावर अर्ध्या इंचाची रिबन चढवा आणि रिबनचा रंग निवडायचा खटका पांढऱ्या खुणेवर नाही ना ते बघा. तिथे रिबन वर उचललीच जात नाही आणि यंत्र बिघडलंय असं वाटतं. रोलरचं रबर कडक झालेलं असतं, म्हणून दोन कागद एकदम घाला. एकेक कळ तपासताना वरची ओळ एच, सी, ई, एस, ए, आर अशी लागली तर दचकू नका. ही पोर्तुगालात १९३७ मध्ये ठरलेली मांडणी आहे आणि पोर्तुगीज अमदानीतल्या यंत्रांवर ती भेटू शकते. कुणीतरी कळांच्या टोप्या उलट्यासुलट्या बसवल्यात असं समजून त्या उपटायला जाऊ नका.

पावसाळ्यात यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती कापड आणि शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा. निळ्या दाण्यांची असेल तर ती गुलाबी झाली की तापवून पुन्हा निळी करून घ्या. पेटी असेल तर आतल्या अस्तराला आधी कडक ऊन दाखवा. बुरशीचा वास येत असेपर्यंत यंत्र त्यात ठेवायचं नाही.