वॉटर कूल्ड वेल्डिंग टॉर्च : पाण्याच्या प्रवाहाची देखरेख

टिग वेल्डिंगचा (वर्कशॉपमधल्या भाषेत ‘आर्गॉन’चा) टॉर्च (वेल्डरच्या हातातले, आर्क म्हणजे विजेची ज्योत पेटवणारे अवजार) थंड ठेवण्यासाठी त्यातून फिरवलेले पाणी खरोखर वाहते आहे की नाही, हे सतत तपासणे आणि ते थांबताच करंट तोडणे, याला प्रवाहाची देखरेख म्हणतात. साधारण २०० अँपिअरपर्यंत गॅसवर थंड होणारा टॉर्च चालतो. त्यापुढे सलग काम करायचे, तर पाणी हवेच.

या टॉर्चची केबल हाताला हलकी लागते, कारण तिच्यातली बारीक तांब्याची तार परतीच्या पाण्याच्या नळीतूनच जाते. पाणी थांबले की तार तापते, नळी मऊ पडून फुगते आणि फाटते. त्या वेळी वेल्डरची नजर काळ्या काचेआडून जोडावर असते, टाकीकडे नाही.

बहुतेक टॉर्चना मिनिटाला सुमारे एक लिटर पाणी लागते. एवढे पाणी १० अंशांनी तापून परतले, तर ते सुमारे ७०० वॅट उष्णता काढून नेते. प्रवाह निम्मा झाला, तर तेवढ्याच उष्णतेने पाणी २० अंशांनी तापते.

सोलापुरात ही चढ महागात पडते. साखर कारखान्यांच्या दुरुस्तीची कामे गळीत हंगाम संपल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात निघतात. बाहेर पारा चाळिशीपार असतो आणि रेडिएटरचा कूलर पाण्याला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यात टाकीत बोअरचे पाणी भरले, की क्षारांचे पांढरे थर जाळीत आणि टॉर्चच्या बारीक वाटांत बसतात. क्षार काढलेले पाणी किंवा टॉर्चसाठीचे तयार कूलंट वापरणे, हाच खरा उपाय. गाडीचे कूलंट मात्र यात चालत नाही.

दाबाच्या स्विचवर विसंबणे ही नेहमीची चूक. नळी चोंदली की दाब उलट वाढतो आणि स्विचला सारे ठीक वाटते. म्हणून फ्लो स्विच (पाणी वाहत असतानाच जुळणारा स्विच) हवा, तोही परतीच्या वाटेवर. जाण्याच्या वाटेवर बसवला, तर पुढे फुटलेल्या नळीतून जमिनीवर सांडणारे पाणीही त्याला प्रवाहच वाटते. स्विचचा संपर्क टॉर्चच्या बटणाच्या वायरीत सिरीजमध्ये जोडतात. पंप सुरू होताना येणाऱ्या बुडबुड्यांनी करंट उगाच तुटू नये, म्हणून दोन-तीन सेकंदांचा विलंब ठेवतात. आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सीच्या (उच्च वारंवारतेच्या विजेच्या) गोंधळात इलेक्ट्रॉनिक सेन्सर चुकू शकतो. चुंबकावर चालणारा साधा रीड स्विच तिथे जास्त भरवशाचा.

स्विच नसेल, तर परतीची नळी लिटरच्या मापात सोडून घड्याळ लावावे. माप सुमारे मिनिटाभरात भरले पाहिजे. स्विच असला तरी त्याचे पाते गाळाने ‘पाणी वाहते आहे’ अशा स्थितीतच अडकू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा पंप बंद ठेवून बटण क्षणभर दाबून पाहावे : आर्क पेटला, तर स्विच खोलून साफ करेपर्यंत त्या मशीनवर काम घेऊ नये.