ख्रिस्ती सण आणि त्यांचा आध्यात्मिक अर्थ

येशू ख्रिस्ताचा जन्म, दुःखसहन, वधस्तंभावरील मरण, पुनरुत्थान आणि त्यानंतर शिष्यांवर झालेला पवित्र आत्म्याचा वर्षाव यांचे ख्रिस्ती समाज दरवर्षी उपासनेतून स्मरण करतो. नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे त्यांतले प्रमुख सण. मात्र इथले ‘स्मरण’ जयंती-पुण्यतिथीच्या स्मरणापेक्षा वेगळे आहे. यहुदी लोक वल्हांडण पाळतात तेव्हा प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच मिसर देशातल्या गुलामीतून बाहेर पडलो असे मानावे, अशी त्यांची शिकवण आहे. ख्रिस्ती सणांनी हीच जाणीव उचलली. म्हणून ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात गायल्या जाणाऱ्या प्राचीन स्तोत्रात ‘ती रात्र’ असे येत नाही. ‘हीच ती रात्र’ असे पुन्हा पुन्हा येते.

रोषणाई, चांदण्या, केक आणि फराळ यांमुळे नाताळ हाच ख्रिस्ती धर्माचा सर्वांत मोठा सण असावा, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. धर्माच्या अंतरंगात मात्र ईस्टरचे स्थान पहिले आहे. येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तके म्हणजे शुभवर्तमाने. त्यांतल्या मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची कथाच नाही. मरण आणि पुनरुत्थान मात्र चारही शुभवर्तमानांत आहे. ख्रिस्त मरणातून उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फोल आहे, असे प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला स्पष्ट लिहिले. दर रविवारची उपासना हीसुद्धा मुळात पुनरुत्थानाचीच आठवण आहे.

ईस्टरच्या तारखेवरून फार जुना वाद झाला. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्या यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे वल्हांडणाच्या वेळी, वार कोणताही असो, हा सण पाळत. रोमला रविवारच हवा होता. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन तिथले बिशप अनिसेटस यांना भेटले. एकमत झाले नाही, तरी दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि शांतीने निरोप घेतला. पुढे इ.स. 325 च्या नायसिया परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा असे ठरवले. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा नियम त्यातून रूढ झाला. त्यामुळे पाश्चात्त्य पंचांगात ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान कधीही येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन गणनेने चालतात, म्हणून त्यांचा सण बहुधा नंतर येतो. 2025 साली मात्र दोघांचाही ईस्टर 20 एप्रिललाच होता.

ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मधले रविवार त्यात धरत नाहीत, कारण पुनरुत्थानाच्या दिवशी उपवास नसतो. सुरुवात राखेच्या बुधवारी होते. ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार; येशूच्या येरुशलेममधल्या जयजयकारी प्रवेशाची ती आठवण. आदल्या वर्षी त्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून राख केली जाते आणि धर्मगुरू ती कपाळाला लावतात. त्या वेळी ‘तू माती आहेस आणि मातीला परत जाशील’ या अर्थाचे वचन उच्चारले जाते. कालच्या जयजयकाराचीच ही राख असते. गोव्यात गोवा वेल्हा येथे झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन परंपरेतून आलेली ही प्रथा आजही टिकून आहे.

तीन दिवस

गुरुवार संध्याकाळ ते रविवार हा साऱ्या ख्रिस्ती वर्षाचा गाभा. पवित्र गुरुवारी शेवटच्या भोजनाची आठवण करतात. त्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणे हे तेव्हा घरातल्या गुलामाचे काम होते, म्हणून पेत्राने आधी नकारच दिला. आज धर्मगुरू गावातल्या सामान्य माणसांचे पाय धुतात, ते याच प्रसंगाला धरून. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीनांच्या कोठडीत जाऊन मुलामुलींचे पाय धुतले. गुरूच खाली बसतो, हा या दिवसाचा अर्थ उपदेशातून कळत नाही तितका त्या पाण्याच्या घंगाळाजवळ कळतो. नंतर वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी केली जाते आणि घंटा गप्प होतात.

शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, होत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन या वेळेत येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर चिंतन करण्याची प्रथा आहे. त्यांतला सर्वांत कठीण उद्गार म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ बाविसाव्या स्तोत्राची ही पहिली ओळ. देवाने आपल्याला टाकले, असे वाटण्याच्या टोकापर्यंत देवाचा पुत्र स्वतः गेला, हे ख्रिस्ती श्रद्धेचे सर्वांत धाडसी विधान आहे. दुःखाचे कारण इथे सांगितलेले नाही. त्या दुःखात देव सोबत उतरला, एवढेच सांगितले आहे. इंग्रजी नावातल्या ‘गुड’ चा इथला जुना अर्थ ‘पवित्र’ असा आहे. नावावरून गैरसमज होऊन या दिवशी आनंदाच्या शुभेच्छा पाठवल्या जातात. ज्या घरात उपवास आणि मौन असते, तिथे त्या खुपतात.

शनिवारी काहीच घडत नाही. येशू कबरेत आहे आणि मंडळी थांबली आहे. ज्याने आपले माणूस पुरून घरी परतल्यावरचा दुसरा दिवस पाहिला आहे, त्याला या रिकाम्या दिवसाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून हातोहात शेकडो मेणबत्त्या पेटत जातात. नव्या श्रद्धावंतांचा बाप्तिस्मा याच रात्री करण्याची प्राचीन रीत आहे. रिकाम्या कबरेची पहिली बातमी स्त्रियांनी आणली, हेही लक्षात घ्यावे: ज्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, त्या काळी मरिया मग्दालियाला हा निरोप देऊन पाठवले गेले.

नाताळ आणि प्रकटीकरण

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. त्याचा अर्थ जन्म. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही. 25 डिसेंबरचा सर्वांत जुना पक्का पुरावा रोममधला, इ.स. 336 चा आहे. ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या चर्चमध्ये हाच दिवस सध्या 7 जानेवारीला येतो.

या सणाचा अर्थ योहानाच्या एका वाक्यात आहे: ‘शब्द देही झाला.’ मराठी वाचकाला इथे अवतारकल्पना आठवणे साहजिक आहे, आणि 1616 साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा मराठी ओवीतच सांगितली. फरक मात्र मोठा आहे. गीतेतला अवतार युगायुगांत पुन्हा येतो. ख्रिस्ती देहधारण एकदाच घडते, आणि त्यात भूक, थकवा, मरण यांतले काहीही टळत नाही. पूर्वेकडील चर्चच्या चित्रांत बाळ येशूची गव्हाण शवपेटीसारखी आणि बाळंते प्रेतवस्त्रासारखी रंगवतात. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे ज्योतिष्यांनी, आणलेल्या भेटींत सोने आणि ऊद यांबरोबर गंधरस होता, आणि प्रेत पुरताना तोच वापरीत. नाताळसुद्धा ईस्टरकडे तोंड करूनच उभा आहे.

घरोघर केल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्याची परंपरा 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो येथे उभारलेल्या देखाव्याशी जोडली जाते. 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या (एपिफनी) सणाला गोव्यात रेइश मागूश, कासावली आणि चांदोर येथे तीन राजांचे फेस्त भरते; परंपरेने मागींनाच तीन राजे मानले आहे. परदेशी, परधर्मी ज्योतिष्यांनी बाळाला आधी ओळखले, हे या सणाचे सांगणे.

पेंटेकॉस्ट

ईस्टरपासून पन्नासावा दिवस. या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा येरुशलेममध्ये जमलेल्या देशोदेशीच्या यात्रेकरूंना शिष्यांचे बोलणे आपापल्या मातृभाषेत ऐकू आले, असे नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे. जुन्या करारातल्या कथेत बाबेलच्या बुरुजापाशी माणसांच्या एका भाषेच्या अनेक भाषा फुटल्या होत्या. इथे त्या पुसून एक भाषा झाली नाही. प्रत्येक भाषा देवाच्या कामाची झाली. रोजची मिस्सा मात्र कॅथलिकांना शतकानुशतके लॅटिनमध्येच ऐकावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषांना वाट मोकळी केली आणि वसईच्या ख्रिस्ती माणसाला वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. पेंटेकॉस्टचा अर्थ त्या बदलात प्रत्यक्ष उतरला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

सर्वच ख्रिस्ती पंथ हे सण मानत आले असे नाही. बायबलमध्ये आधार नाही म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी (कडव्या प्रॉटेस्टंटांनी) 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड ठेवला होता.

पेंटेकॉस्टनंतर धर्मगुरूंच्या हिरव्या वस्त्रांचा दीर्घ, साधा काळ येतो. त्यातच 2 नोव्हेंबरला मृतांचे स्मरण होते. लोक कबरी साफ करून फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. ईस्टरच्या रात्री पेटवलेली पास्काची मेणबत्ती वर्षभर जपून ठेवलेली असते. बाळाच्या बाप्तिस्म्याला ती लावतात आणि अंत्यविधीच्या वेळी शवपेटीशेजारीही तीच तेवते.